'द बक स्टॉप्स विथ यू' म्हणजे नक्की काय?

कोथरूडकर
नमस्कार मंडळी. आमचा क्लायंट अमेरिकेतला. सॉफ्टवेअरच्या पुढच्या रिलीजची सूत्रं नुकतीच माझ्याकडे आली आणि परवा त्यांच्या मॅनेजरची मेल आली : "ऑन धिस रिलीज, द बक स्टॉप्स विथ यू." टीममध्ये दोन तट पडलेत. एक म्हणतो, काही बिघडलं तर खापर तुझ्या डोक्यावर फुटणार, सगळं लेखी घेऊन ठेव. दुसरी म्हणते, बक म्हणजे डॉलर, खर्चाचं बघ असं सुचवतोय. मला उत्तर लिहायचंय, जाणकारांनी सांगावं.

मिझुरीवासी
डॉलरचा इथे संबंध नाही. हा बक पोकरच्या टेबलावरचा. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत पोकर खेळताना पत्ते वाटायची पाळी कोणाची हे कळावं म्हणून त्याच्यासमोर एक खूण ठेवत. हरणाच्या शिंगाची मूठ असलेली सुरी त्यासाठी वापरत आणि त्यावरून हे नाव पडलं, असं सांगतात. ज्याला वाटायचं नसेल तो खूण शेजाऱ्याकडे सरकवी. तेच 'पास द बक', म्हणजे निर्णयाची जबाबदारी दुसऱ्याकडे सरकवणं. बक 'थांबला' की ती पुढे सरकत नाही.

खापर फुटतं ते काम बिघडल्यावर. बक सरकवतात तो निर्णय घ्यायच्या आधी. तुमच्या मेलसाठी हा फरक फार महत्त्वाचा आहे.

माझ्या घरापासून मिझुरी राज्यातलं इंडिपेन्डन्स गाव जवळ. तिथे अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांच्या संग्रहालयात ती प्रसिद्ध पाटी आहे : 'द बक स्टॉप्स हिअर'. अक्रोडाच्या लाकडावर बसवलेली, जेमतेम फूटभर लांब. ओक्लाहोमातल्या एल रेनोच्या सुधारगृहात बनवून ऑक्टोबर 1945 मध्ये ती ट्रुमनना पाठवली. लोक तिला अणुबॉम्बच्या निर्णयाशी जोडतात, पण बॉम्ब ऑगस्टमध्येच पडले होते. पाटीच्या मागे, म्हणजे खुर्चीत बसलेल्याला दिसेल अशी, दुसरी ओळ आहे : 'आय ॲम फ्रॉम मिझुरी'. तोही वाक्प्रचारच. नुसतं सांगू नका, दाखवा, मग मानतो. मला ही मागची बाजू जास्त आवडते. शेवटचा शब्द ज्याचा, त्याने आधी पुरावा मागायलाच हवा.

तेव्हा ही मेल तंबी नाही. त्यांनी अंतिम निर्णय तुमच्या हाती दिलाय. कोणकोणते निर्णय, एवढं विचारून घ्या. आणि एक : समोरच्याला 'यू आर पासिंग द बक' कधी लिहू नका, तो थेट आरोप होतो.

निवृत्त कक्ष अधिकारी
मिझुरीवासींशी सहमत. माझी सगळी नोकरी फायलींत गेली. खालून 'आदेशार्थ सादर', वरून 'अभिप्रायार्थ' दुसऱ्या विभागाकडे, तिथून 'नियमानुसार उचित कार्यवाही करावी' असा शेरा मारून परत. तीन सह्या, तीन तारखा, निर्णय कुठेच नाही. एका विधवा बाईंची पेन्शन अशीच अडकलेली मी पाहिली आहे, त्याचा राग अजून जात नाही. आपल्याकडे याला टोलवाटोलवी म्हणतात. काखा वर करणं वेगळं, त्यात माणूस निदान उघडपणे मोकळा होतो. अंग चोरणं हे कष्टाच्या बाबतीत. टोलवाटोलवीत कागद फिरत राहतो आणि प्रत्येक जण काम केल्यासारखा दिसतो. कोथरूडकर, बक तुमच्याकडे थांबला असेल तर थांबू द्या.

कोथरूडकर
दोघांचे मनापासून आभार. असं लिहू का? "जबाबदारी घेते. रिलीजची तारीख पुढे ढकलणं आणि गरज पडल्यास रोलबॅक (आधीच्या आवृत्तीवर परत जाणं), दोन्हींचा अंतिम निर्णय माझा असेल असं मी धरते. कृपया कळवावं."

मिझुरीवासी
उत्तम. फक्त रोलबॅक आधी घ्या. तारखेवर चर्चेला वेळ असतो. रोलबॅकची वेळ आली की कोणाची परवानगी काढत बसायला सवड नसते, म्हणून त्याचं 'हो' आत्ताच मेलवर येऊ द्या.