शब्दचर्चा : झानशिन

प्रश्न

कराटेच्या वर्गात काता (ठरलेल्या हालचालींची मालिका) संपला की सेन्सेई (शिक्षक) "झानशिन!" असं बजावतात आणि आम्ही हात खाली न सोडता तसेच उभे राहतो. अर्थ विचारला तर कुणी 'सतर्कता' सांगतं, कुणी 'एकाग्रता'. सामुराईंच्या तत्त्वज्ञानावर जे लेख फिरतात त्यांत तर हा यशाचा मंत्र होऊन बसलाय. मूळ अर्थ काय, आणि मराठीत काय म्हणावं?

उत्तर

एकाग्रता तर नाहीच. सतर्कता जवळ येते, पण अर्ध्या वाटेवर थांबते.

जपानीत हा शब्द दोन चित्राक्षरांनी लिहितात. पहिलं 'झान', म्हणजे उरलेलं, मागे राहिलेलं. दुसरं 'शिन', म्हणजे मन, चित्त. हेच अक्षर एकटं आलं की 'कोकोरो' असं वाचतात. उच्चाराबद्दल एक गोष्ट: सुरुवातीचा वर्ण 'झाड'मधल्या झ-सारखा नसून 'जरा'मधल्या ज-सारखा आहे. मराठी माणसाच्या जिभेवर तो आधीपासूनच आहे. लिहिताना मात्र झ रूढ झालाय, म्हणून मीही तोच लिहितो.

'झान' रोजच्या जपानीत पावलोपावली भेटतो. बँकेतली शिल्लक म्हणजे 'झानदाका'. कचेरीची वेळ संपल्यावर मागे थांबून केलेलं काम 'झानग्यो'. पंचांगाप्रमाणे शरद लागला तरी न हटणारा उकाडा 'झानशो'. आणि काही हुकलं, फसलं की जपानी माणूस हळहळून म्हणतो तो 'झाननेन', म्हणजे शब्दशः मागे उरलेला विचार.

गंमतीचा नव्हे, महत्त्वाचा भाग पुढे आहे. जपानी शब्दकोशात 'झानशिन'चाही एक अर्थ हाच दिलेला असतो: मन मागे राहणं, जीव गुंतणं, पाय न निघणं. म्हणजे साध्या भाषेत जो शब्द आसक्तीचा, तोच शस्त्रविद्येने उचलला आणि त्याला जवळजवळ उलटा अर्थ दिला. तलवारीखालचं झानशिन म्हणजे घाव बसल्यानंतरही न विस्कटलेलं, न सैलावलेलं चित्त. घायाळ शत्रू शेवटचा वार करू शकतो, त्याच्यामागे दुसरा उभा असू शकतो, ही त्यामागची रोकडी गरज.

केंडोमध्ये, म्हणजे जपानी तलवारबाजीत, हे नुसतं तत्त्वज्ञान राहिलेलं नाही, नियमात आलंय. अखिल जपान केंडो महासंघ 1952 साली स्थापन झाला. 1975 मध्ये त्याने केंडोचं जे ध्येय जाहीर केलं त्याचा आशय असा: तलवारीच्या तत्त्वांच्या अभ्यासातून माणूस घडवण्याची वाट. स्पर्धेच्या नियमांत ग्राह्य घाव कोणता हेही सांगितलंय. पूर्ण जोम, योग्य पवित्रा, शिनाईच्या (सरावाच्या तलवारीच्या) ठरलेल्या भागाने ठरलेल्या जागी, धारेची दिशा अचूक राखून केलेला मारा, आणि झानशिन. शेवटचं नसेल तर बाकी सगळं असूनही गुण नाही. घाव घालून कुणी मूठ उंचावून जल्लोष केला, तर पंच आपसांत विचार करून दिलेला गुण काढून घेऊ शकतात.

'धारेची दिशा' हे शब्द पुन्हा वाचा. शिनाई बांबूच्या चार पट्ट्यांची असते, तिला धार कुठली? पण तिच्यावर ताणलेली दोरी म्हणजे पात्याची पाठ असं मानतात आणि विरुद्ध बाजूनेच मारतात. हातात बांबू आहे, पण वागायचं तलवार असल्यासारखं. झानशिनचा आग्रह याच मानण्यातून येतो. खेळात घाव बसला की प्रश्न मिटला. तलवारीच्या हिशोबात तो क्षण सर्वांत धोक्याचा.

कराटेतही हा निकष उतरलाय. जागतिक कराटे महासंघाच्या कुमितेच्या, म्हणजे दोघांच्या लढतीच्या, नियमांत गुण देण्याच्या निकषांमध्ये अनेक वर्षं झानशिन नावानिशी होतं: मारा केल्यावरही प्रतिस्पर्धी उलटून काय करू शकेल याचं भान सुटता कामा नये. गुद्दा मारून पाठ फिरवणाऱ्या, पंचांकडे बघत हात वर करणाऱ्या खेळाडूंना गुण का मिळत नाही, याचं उत्तर इथे आहे.

धनुर्विद्येत, म्हणजे क्यूदोमध्ये, बाण सोडण्याच्या आठ पायऱ्या सांगितल्यात. बाण सुटतो सातव्या पायरीवर. आठवी झानशिन. बाण गेलाय, आता लक्ष्याच्या बाबतीत आपल्या हाती काही नाही, तरी पायरी मोजलीय. तिथे ते कधी 'शिन'च्या जागी 'शरीर' या अर्थाचं, त्याच उच्चाराचं अक्षर लिहितात: मनाबरोबर देहही उरला पाहिजे.

प्रतिप्रश्न

मग ताकुआनचं काय? मन कुठेच थांबू देऊ नये असं तो सांगतो. मन 'उरवायचं' आणि मन 'थांबवायचं नाही' या दोन गोष्टी एकत्र कशा नांदतात?

उत्तर

चांगला प्रश्न, आणि माझ्या मते शब्दाचं मर्म इथेच आहे. ताकुआन सोहो (1573–1645) हा झेन भिक्षू. तोकुगावा शोगुनांना (जपानच्या लष्करी सत्ताधीशांना) तलवार शिकवणाऱ्या याग्यू मुनेनोरीला त्याने जे लिहून दिलं त्याचा सारांश असा: प्रतिस्पर्ध्याच्या तलवारीवर मन ठेवलंस तर ती तुझं मन घेऊन जाईल. स्वतःच्या तलवारीवर ठेवलंस तरी तेच. कुठेच ठेवू नकोस, मग ते सर्वांगात भरून राहील.

म्हणजे ताकुआन ज्याला विरोध करतो ते पहिलं, शब्दकोशातलं झानशिन: आपल्याच घावात अडकलेलं मन. 'लागला का?', 'छान बसला!', 'पंचांनी पाहिलं ना?' हे सगळं अडकणं आहे. केंडोच्या परंपरेत यावर एक दाखला देतात. पेल्यातलं पाणी एका झटक्यात भिरकावलं तर तळाशी थोडं आपोआप उरतं. सांभाळून, हळूहळू ओतलं तर थेंबही उरत नाही. घाव घालताना हातचं राखून ठेवलं की सावधपणा उरेल असं वाटतं, प्रत्यक्षात घावही अर्धवट होतो आणि मनही. सगळं झोकून दिलं की जे उरतं ते झानशिन. म्हणून ते मुद्दाम 'ठेवता' येत नाही, असं जुने शिक्षक सांगतात.

आता मराठीकडे वळू, कारण आपली क्रियापदं इथे फार कामाची आहेत. अवधान द्यावं लागतं. लक्ष ठेवावं लागतं. सावध राहावं लागतं. झानशिन यातलं काहीच करत नाही, ते उरतं. 'सतर्कता' हा शब्द मला म्हणूनच खटकतो. त्यात पहाऱ्यावरच्या शिपायाची ताठर शंका आहे, आणि ताठरलेला खांदा हे सरावात झानशिन नसल्याचंच लक्षण. 

आणखी एक प्रतिसाद

दासबोधातलं 'तिसरें तें सावधपण सर्वविषयीं' चालणार नाही का? सावधपण या शब्दात शंका नाही, ताठरपणा नाही, आणि तो आपल्या तोंडी रुळलेला आहे.

उत्तर

आतापर्यंत सुचलेल्यांत हाच सर्वांत जवळचा, हे मनापासून मान्य. फरक एवढाच की समर्थांचं सावधपण कामाच्या आधी, मध्ये, नंतर सगळीकडे आहे. ते 'सर्वविषयीं' आहे. झानशिनला वेळेचं बंधन आहे. ते कृतीनंतरचंच. 'कृतीनंतरचं सावधपण' म्हटलं तर अर्थ पोचतो. वर्गात ओरडून सांगायला ते लांबलचक आहे, तिथे जपानी शब्दच राहू द्यावा.

प्रश्न

रोजच्या जगण्यात याचा काही उपयोग, की हे दोजोपुरतंच (सरावाच्या जागेपुरतंच)?

उत्तर

जपानमध्येच हा शब्द दोजोबाहेर गेलाय, आणि नेणारा माणूस तलवारीचा जाणकार होता. ई नाओसुके, हिकोनेचा दाइम्यो (सरंजामदार). 1858 मध्ये अमेरिकेशी व्यापारी तह करणारा आणि 1860 मध्ये एदोच्या (आजच्या टोकियोच्या) किल्ल्याच्या साकुरादा दरवाज्याबाहेर मारला गेलेला. राजकारणी म्हणून त्याच्याबद्दल जपानी माणसांची मतं टोकाची आहेत. पण त्याने इआई, म्हणजे म्यानातून तलवार उपसून त्याच ओघात वार करण्याची विद्या, कसून साधली होती आणि चहाविधीवर एक ग्रंथ लिहिला. त्यात तो यजमानाला सांगतो की पाहुणे निघाले म्हणजे लगेच मोठ्याने बोलू नये, दारं धाडधाड लावू नयेत, आवराआवरीला लागू नये. ते दिसेनासे होईपर्यंत पाहावं. मग चुलीपाशी येऊन एकट्याने बसावं, आजची ही भेट पुन्हा होणार नाही हे मनात आणावं. याला त्याने जो शब्दप्रयोग वापरला त्यात 'झानशिन' आहे.

इथे शत्रू नाही, धोका नाही, तरी शब्द तोच. म्हणून रोजच्या जगण्यातलं झानशिन म्हणजे सतत आजूबाजूला धोका शोधत फिरणं, असं जे सांगितलं जातं ते मला पटत नाही. त्याने माणूस थकतो आणि संशयी होतो. बोलून झाल्यावर समोरच्याचं वाक्य खरंच संपलंय का हे पाहणं, गाडी स्टँडवर लावल्यावर ती नीट उभी आहे हे कळेपर्यंत हात न काढणं, निरोप पाठवल्यावर तो कुणाला गेला ते बघणं: अर्थ इथे जास्त खरा उतरतो. इआईमध्ये तलवार म्यान करतानाही नजर म्यानाकडे जात नाही आणि घाई केली तर डाव्या हाताचा अंगठा कापतो. 

प्रश्न

शेवटचं. वाक्यात वापरायचा कसा? तो झानशिन, ती की ते?

उत्तर

'मन', 'चित्त' यांच्या चालीवर नपुंसकलिंगी ठेवावा: "मारा चोख होता, झानशिन नव्हतं." जपानीत झानशिन 'असतं', 'नसतं' किंवा 'दाखवतात', ही क्रियापदं मराठीतही बसतात. 'झानशिन करा' मात्र टाळावं. मुलं त्याचा अर्थ 'एक-दोन-तीन मोजेपर्यंत पुतळ्यासारखं उभं राहा' असा घेतात, आणि मग मोजणी संपताच खांदे पाडून घड्याळाकडे बघतात.