मदत हवी आहे: विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणतंय, पण वाढीव मुदतीच्या नोंदणीची ओळच दिसत नाही

निळी_शाई
नमस्कार. तीन दिवस याच एका गोष्टीत गेले, आता हात टेकले. विंडोज अपडेटच्या पानावर वरतीच लिहून येतंय की तुमच्या विंडोजच्या आवृत्तीचा सपोर्ट संपला आहे. जिथे तिथे वाचलं की त्याच पानावर ‘एनरोल नाऊ’ अशी ओळ असते, ती दाबली की सुरक्षेचे अपडेट आणखी वर्षभर मिळतात. माझ्याकडे ती ओळ नाही. मायक्रोसॉफ्टचं नवं खातं काढलं, त्याने लॉगिन केलं, चार वेळा रीस्टार्ट केलं. नाहीच.
विंडोज ११ होत नाही, ते तपासून झालंय. कृपया तेच सुचवू नका. सोमवारी एक मोठं भाषांतर द्यायचंय आणि सगळं काम याच लॅपटॉपवर आहे. ओळ कशी आणायची एवढंच सांगा.

खटपट्या
लॅपटॉप कोणता? प्रोसेसर कोणता? विंडोज ११ का होत नाही म्हणतो? बहुतेकांचं घोडं टीपीएमपाशीच, म्हणजे सुरक्षेच्या चिपपाशी, अडतं आणि तो बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) नुसता बंद असतो. इंटेल असेल तर पीटीटी नावाने शोधा, एएमडी असेल तर एफटीपीएम. चालू केलात की काम फत्ते. मी स्वतः अशी सहा मशीनं वर नेली आहेत.

निळी_शाई
टीपीएम २.० चालू आहे, तपासणीत त्यापुढे हिरवी खूण येते. प्रोसेसरपुढे लाल फुली आहे. आय५ ७२००यू. म्हणूनच वर लिहिलं होतं.

तारजोड
सातव्या पिढीचा आहे, बसणार नाही. इंटेलमध्ये मोजके अपवाद सोडले तर आठव्या पिढीपासून पुढचेच यादीत आहेत. खटपट्या, इथे टीपीएमचा संबंध नाही.
ताई, विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, रोमन लिपीत विनव्हर असं टाइप करून एंटर करा. छोटी खिडकी उघडेल, त्यातला व्हर्जन नंबर इथे द्या.

जुनं_ते_सोनं
इतकं घाबरायचं कारण नाही. मी अजून विंडोज ७ वापरतो. त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, तरी माझं काही अडलेलं नाही. चांगला अँटिव्हायरस असला आणि नको त्या दुव्यांवर टिचकी मारली नाही की झालं. कंपन्यांना नवीन यंत्रं खपवायची असतात, म्हणून या तारखा.

पाणवठा
जुनं_ते_सोनं, हा सल्ला दुसऱ्याला देऊ नका, कळकळीने सांगतो. मे २०१७ चं वॉनाक्राय आठवा. त्यात कुणी दुव्यावर टिचकी मारायची गरजच नव्हती. फाइल शेअरिंगच्या जुन्या व्यवस्थेतल्या भोकातून ते एका यंत्रातून दुसऱ्यात आपोआप शिरत होतं. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ते भोक बुजवणारा अपडेट मार्चमध्येच आला होता, म्हणजे दोन महिने आधी. ज्यांनी तो घेतला नव्हता ते सापडले. एक्सपीचा सपोर्ट तर एप्रिल २०१४ लाच संपलेला, तरी त्या वेळी मायक्रोसॉफ्टला एक्सपीसाठी तातडीचा अपडेट काढावा लागला.
आणखी एक. नव्या आवृत्तीचा अपडेट आला की हल्लेखोर तो उघडून बघतात, नेमकं काय दुरुस्त केलंय ते. तीच चूक जुन्या आवृत्तीतही असते, पण तिथे ती कुणी बुजवणार नसतं. सपोर्ट संपल्यानंतरचा प्रत्येक महिना म्हणूनच आधीच्यापेक्षा वाईट.

जुनं_ते_सोनं
माझं मशीन राउटरच्या मागे आहे, थेट इंटरनेटवर नाही. पाच वर्षांहून जास्त झाली.

पाणवठा
आणि ब्राउझर? क्रोमची विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती १०९, त्यानंतर २०२३ पासून नवी नाही. बँकेचं काम त्यातूनच करता ना? राउटर तिथे काय करणार?

सायली_टेकडी
मॅक घ्या. मी सात वर्षांपूर्वी घेतला, असल्या भानगडीच नाहीत.

तारजोड
तिथेही आहेतच. ॲपल शेवटची तारीख आधी जाहीर करत नाही इतकंच. आणि इंटेलचा प्रोसेसर असलेल्या मॅकसाठी मॅकओएसची टाहो ही शेवटची आवृत्ती, हे त्यांनी स्वतः २०२५ मध्ये सांगितलंय. तुमचा सात वर्षांपूर्वीचा म्हणजे इंटेलचाच.

सायली_टेकडी
अरे, हे मला माहीत नव्हतं. म्हणजे माझ्या मॅकचे अपडेट किती दिवस येतील?

निळी_शाई
कृपया माझ्या प्रश्नाकडे वळूया का? विनव्हरमध्ये व्हर्जन २१एच२ आलंय.

खटपट्या
मग सापडलं! नोंदणीसाठी २२एच२ लागतं, ती विंडोज १० ची शेवटची आवृत्ती. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घ्या, ‘अपग्रेड’ निवडा, तासाभरात २२एच२ होईल. मग ओळ दिसेल.

मुंगूस
+१. शिवाय ॲडमिन खात्यानेच लॉगिन करा, साध्या खात्यात ती दिसत नाही. नोंदणीचे तीन मार्ग आहेत: सेटिंग्जचा बॅकअप त्यांच्या क्लाउडवर ठेवलात तर फुकट, नाहीतर रिवॉर्ड्सचे १००० पॉइंट, नाहीतर पैसे भरून. मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत.

एकटा_पेंग्विन
एका वर्षासाठी एवढी यातायात? तीच वेळ लिनक्स मिंटला द्या, विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टम आहे. २२ ही आवृत्ती २०२९ पर्यंत चालेल. सातव्या पिढीच्या आय५ वर ती पाण्यासारखी पळते. पेनड्राइव्हवरून नुसतं चालू करून बघा, हार्डडिस्कला हात लावायचीही गरज नाही.

निळी_शाई
माझं भाषांतराचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं आणि स्कॅनर दहा वर्षांपूर्वीचा आहे. त्यामुळे लिनक्स नको.
खटपट्या, तुम्ही सांगितलं तसं केलं. ‘अपग्रेड’ निवडल्यावर पुढच्या पानावर ‘फाइल्स आणि ॲप्स ठेवा’ हा पर्याय पुसट आहे, निवडताच येत नाही. फक्त ‘काहीही ठेवू नका’ निवडता येतंय. मी तिथेच थांबले. सगळं पुसून टाकायला सोमवारपर्यंत वेळ नाही माझ्याकडे. आणि मला कळत नाही, सपोर्ट संपलाय तर गेल्या आठवड्यातही अपडेट आला तो कसला?

तारजोड
थांबा. काहीही पुसू नका. पुढचं बटण अजिबात दाबू नका.
साध्या २१एच२ चे अपडेट घरगुती आवृत्त्यांसाठी जून २०२३ मध्येच बंद झाले आणि एंटरप्राइजसाठी जून २०२४ मध्ये. २१एच२ वर आजही अपडेट येतायत म्हणजे पाणी दुसरीकडेच मुरतंय. सेटिंग्ज, सिस्टम, अबाउट. तिथे ‘एडिशन’पुढे जे लिहिलंय ते एकही अक्षर न गाळता द्या.

निळी_शाई
विंडोज १० एंटरप्राइज एलटीएससी. पण विंडोज १० ते विंडोज १०च ना?

तारजोड
नाही ना! सगळा घोळ या शेवटच्या चार अक्षरांत आहे. एलटीएससी म्हणजे दीर्घकाळ न बदलणारी शाखा. वर्षानुवर्षं त्याच स्थितीत चालावी लागणारी यंत्रं असतात, त्यांच्यासाठी ती काढलेली. तुमची २०२१ ची. तिचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलेला नाही, १२ जानेवारी २०२७ पर्यंत आहे. म्हणून अपडेट येतायत.
‘एनरोल नाऊ’ तुम्हाला कधीच दिसणार नाही, कारण ती सोय होम, प्रो अशा आवृत्त्यांसाठी आहे. ‘ॲप्स ठेवा’ पुसट होतं तेही यामुळेच. ते टूल होम आणि प्रोचं.

निळी_शाई
मग सपोर्ट संपला असं तेच का सांगतंय मला? मी काही मनाने लिहिलेलं नाही, समोर दिसतंय.

पाणवठा
ती त्यांची चूक. ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटनंतर हा संदेश काही यंत्रांवर चुकून झळकू लागला. त्यात एलटीएससी २०२१ होतं आणि ज्यांनी रीतसर वाढीव मुदत घेतली होती तेही होते. मायक्रोसॉफ्टने हे कबूल करून दुरुस्तीही काढली. अपडेटच्या पानावर ‘चेक फॉर अपडेट्स’ दाबून जे येईल ते घ्या आणि यंत्र थोडा वेळ इंटरनेटला जोडलेलं राहू द्या.

निळी_शाई
तीन दिवस!! मनापासून आभार. म्हणजे २०२७ पर्यंत काहीच करायचं नाही ना?

मुंगूस
एक विचारू का? घरच्या लॅपटॉपवर एलटीएससी आलं कुठून? ते दुकानातल्या यंत्रावर मिळत नाही, मोठ्या संस्थांना ठोक परवान्यावर देतात.

निळी_शाई
लॅपटॉप आधीच्या ऑफिसचा आहे. नोकरी सोडताना त्यांनीच मला देऊन टाकला, तसं पत्रही आहे. याचा काय संबंध?

मुंगूस
हेच पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं, ताई. लॅपटॉप तुमचा झाला, पण विंडोजचा परवाना संस्थेचाच राहतो. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडा, रोमनमध्ये एसएलएमजीआर, एक जागा सोडून तिरकी रेघ आणि लगेच एक्सपीआर. काय येतं?

निळी_शाई
‘व्हॉल्यूम ॲक्टिव्हेशन विल एक्स्पायर’ आणि पुढे तारीख. आजपासून ४३ दिवस.

मुंगूस
केएमएस, म्हणजे संस्थेच्या सर्व्हरवरून होणारं ॲक्टिव्हेशन (परवान्याची पडताळणी). ते एका वेळी १८० दिवसांचं असतं. ऑफिसचं नेटवर्क दिसलं की यंत्र ते गुपचूप नवं करून घेतं, म्हणून वापरणाऱ्याला कधी कळतच नाही. १८० मधून ४३ वजा करा, १३७ दिवस. साडेचार महिन्यांपूर्वी तुम्ही ऑफिसच्या नेटवर्कवर शेवटच्या होतात का?

निळी_शाई
हो. कामं सोपवायला शेवटचं व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारं) लावलं ते तेव्हाच. दिवससुद्धा जुळतोय.
आता ४३ दिवसांनी लॅपटॉप बंद पडणार का?

मुंगूस
बंद नाही पडणार. कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट करा’ असं पुसट अक्षरांत दिसू लागेल, काही सेटिंग्ज बदलता येणार नाहीत. फाइल्स जागच्या जागी राहतील. पण परवान्याशिवाय त्यावर धंद्याचं काम करत राहू नये, असं माझं प्रामाणिक मत.

खटपट्या
त्यावर उपाय आहे. एक छोटं टूल मिळतं, एका टिचकीत कायमचं ॲक्टिव्हेट होतं. व्यक्तिगत निरोप करतो.

पाणवठा
अजिबात करू नका. ज्या लॅपटॉपवर लोकांची गोपनीय कागदपत्रं भाषांतराला येतात, त्यावर कुणी बनवलंय ते माहीत नसलेलं टूल ॲडमिन अधिकाराने चालवायचं? सुरक्षेच्या अपडेटसाठी धागा निघालाय आणि आपण दारच उघडून देतोय.

खटपट्या
हजारो लोक वापरतात. बरं, राहिलं. पण टीपीएमबद्दल मी म्हणालो ते इतरांसाठी खरंच आहे, ज्यांचा प्रोसेसर चालतो त्यांनी जरूर बघा.

तारजोड
ताई, लॅपटॉप उलटा करून बघा. बॅटरीच्या बाजूला किंवा एखाद्या कोपऱ्यात नखाएवढं स्टिकर असेल, विंडोजची खूण आणि पुढे ‘प्रो’.

निळी_शाई
आहे! अर्धं खरवडलंय, पण ‘१० प्रो’ वाचता येतंय.

तारजोड
मग लॅपटॉप मुळात प्रो घेऊन आला होता, ऑफिसने वरून एलटीएससी चढवलं. प्रोची किल्ली मदरबोर्डमध्येच साठवलेली असते. विंडोज १० प्रो नव्याने टाकलंत की इन्स्टॉलर ती स्वतः वाचतो, काही टाइप करावं लागत नाही. एकच वाईट गोष्ट, एलटीएससीवरून प्रोवर फाइल्स आणि ॲप्स जागच्या जागी ठेवून येता येत नाही. पुसूनच टाकावं लागेल. पण ४३ दिवस आहेत, सोमवारचं काम आधी द्या.
पुसण्याआधी फाइल्स बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क दुसऱ्या यंत्रावर उघडून दोन-चार फाइल्स खरंच वाचता येतात का ते बघा. भाषांतराच्या सॉफ्टवेअरचा परवाना या यंत्रावरून आधी सोडवून घ्या, नाहीतर पुन्हा टाकताना तो ‘वापरात आहे’ म्हणेल. स्कॅनरचा ड्रायव्हर बनवणाऱ्याच्या साइटवर अजून आहे का तेही आत्ताच बघा, जुने ड्रायव्हर काढून टाकतात.

मुंगूस
आणि ऑफिसला एक ईमेल. काही संस्था लॅपटॉप ऑटोपायलटमध्ये, म्हणजे संस्थेची यंत्रं सांभाळायच्या मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेत, नोंदवून ठेवतात. तसं असेल तर पुसून नवं विंडोज टाकलं तरी पहिल्याच पडद्यावर ऑफिसचं लॉगिन मागतं. नोंद त्यांनाच काढावी लागते.

एकटा_पेंग्विन
सगळं पुसायचंच आहे तर त्याआधी पेनड्राइव्हवरून मिंट एकदा चालवून स्कॅनर जोडून बघा. जुने स्कॅनर लिनक्सवर बऱ्याचदा ड्रायव्हरशिवाय चालतात. विंडोज सोडा म्हणत नाही, पण ऑक्टोबर २०२६ नंतर हाच प्रश्न पुन्हा उभा राहणार.

निळी_शाई
बारा दिवसांनी लिहितेय. काम सोमवारी गेलं. ऑफिसला ईमेल केला, लॅपटॉप खरोखरच त्यांच्याकडे नोंदलेला होता. मुंगूस, तुम्ही सांगितलं नसतं तर पुसून बसले असते. नोंद काढायला त्यांना चार दिवस लागले. शनिवारी प्रो टाकलं, किल्ली मागितलीच नाही. पहिल्यांदा ती ओळ आली नाही तेव्हा पोटात गोळा आला, पण अपडेटच्या तीन फेऱ्या झाल्यावर उजव्या बाजूला ‘एनरोल नाऊ’ दिसली. बॅकअपचा मार्ग निवडला. आता १३ ऑक्टोबर २०२६ अशी तारीख दाखवतंय.
स्कॅनरचा ड्रायव्हर साइटवरून गेलेला आहे. जुन्या डिस्कवर इन्स्टॉलर सापडला म्हणून निभावलं. पेंग्विन, मिंटमध्ये स्कॅनर लागला, पण उजवीकडे दोन बोटं काळा पट्टा येतो.

एकटा_पेंग्विन
पट्ट्याचं कारण बहुतेक कागदाचा आकार. स्कॅनच्या खिडकीत ए४ निवडलं होतं की ‘आपोआप’ होतं?

सायली_टेकडी
इथे सगळे जाणकार आहेत म्हणून विचारते. बाबांच्या जुन्या लॅपटॉपवरही तसाच सपोर्ट संपल्याचा संदेश येतोय. काय करू?

तारजोड
आधी विनव्हर. मग अबाउटमधली एडिशन, पूर्ण. आणि लॅपटॉप कुठून आलाय तेही.