टिटवी पोट भिजवून अंड्यांवर बसतेय, फोटो धूसर येताहेत आणि ढेकळं फोडायचा ट्रॅक्टरचा रोटर तोंडावर आलाय. मदत हवी आहे

आमचं शेत इंदापूर तालुक्यात, उजनीच्या पाण्यापासून जवळच. ऊस निघालेलं खालचं दीड एकर नांगरून तापायला ठेवलंय. ४ मेला सकाळी बांधावरून जाताना एक टिटवी ओरडत अंगावर आली, म्हणून जागीच थांबून खाली बघितलं. पायापासून चार हातांवर ढेकळांमध्ये चार अंडी होती. मातकट रंग, त्यावर काळपट ठिपके, चारींची टोकं आतल्या बाजूला. घरटं म्हणावं तर बोटभर खोल खळगा आणि कडेनं बारीक खडे, शेळीच्या लेंड्या. नजर जरा हलली की पुन्हा सापडत नव्हती.

तेव्हापासून रोज लांबून बघते. फोटोंची आवड चार वर्षांची आहे, भिगवणला रोहित, चित्रबलाक भरपूर टिपलेत, पण घरट्यावरचा पक्षी इतके दिवस सलग बघायची ही पहिलीच वेळ.

गेल्या आठवड्यात ऊन ४२ अंशांवर गेलं आणि एक वेगळंच दिसायला लागलं. गुरांच्या टाकीची तोटी गळते, तिथं खाली डबकं साचतं. दुपारी बाराच्या सुमारास एक टिटवी त्यात उतरली. मला वाटलं पाणी प्यायला आली असेल. ती पाण्यात चक्क बसली, छाती पुढे-मागे हलवली, पोटाची पिसं फुलवली आणि तशीच निथळत बाहेर आली. सरळ घरट्याकडे गेली नाही. थोडं धावली, थांबली, भलतीकडेच बघत उभी राहिली, पुन्हा धावली. घरट्यावरची उठली, ही बसली आणि बसल्यावर पोट अंड्यांवर हळूहळू घासल्यासारखं केलं. उठलेली पाण्याकडे गेली. परवा १२ ते ३ मध्ये मी अशा नऊ फेऱ्या मोजल्या.

आता अडचणी सांगते.

एक, हे अंडी गार करायलाच चाललंय का? की नुसतं अंघोळ करून येतात आणि मला तसं वाटतंय?

दोन, फोटो. १५०-६०० मिमीची लेन्स, ६०० वर, शटर १/२००० सेकंद, ट्रायपॉडवर, अंतर साधारण ६० मीटर. सकाळी सातचे फोटो स्वच्छ येतात, डोळ्यापुढचा लाल मांसल पडदाही रेखीव दिसतो. दुपारचे सगळे पाण्यात बुडवून काढल्यासारखे. एका दुकानदारानं लेन्सचा फोकस बिघडलाय म्हणून सांगितलं. मग सकाळी का बिघडत नाही?

तीन, आणि ही सगळ्यात मोठी. २४ तारखेला रोटर ठरलाय. माझ्या सासऱ्यांना, आबांना, अंडी मोडायची नाहीत. टिटवीनं उंचवट्यावर अंडी घातली की पाऊस चांगला, असं ते मानतात. पण रान तयार नसलं तर पुढचं सगळं अडतं. अंडी उचलून बांधावर ठेवली तर चालेल का? कृपया लवकर सांगा.

प्रतिसाद – पाणकावळा

ताई, आधी तिसरं. अंडी अजिबात हलवू नका. टिटवीला जागा ओळखीची असते, बांधावर ठेवलेली अंडी ती सोडून देण्याचीच शक्यता जास्त. शिवाय १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणं हेसुद्धा शिकारीतच मोडतं. घरट्यापासून पाच-सहा पावलांवर चार बाजूंना खुंट्या ठोका आणि तेवढा तुकडा सोडून रोटर फिरवा. ट्रॅक्टर आला की ती उठेल, आरडाओरडा करेल, गेला की परत बसेल. त्या बाजूचे फेरे भल्या सकाळी उरकून घ्या, भर उन्हात अंडी उघडी पडू देऊ नका. खुंट्यांना रंगीत फडकं बांधू नका, कावळे तेच हेरतात.

उबवायला २८ ते ३० दिवस लागतात. ४ तारखेला चारही होती, म्हणजे फार तर जूनच्या २-३ पर्यंत पिल्लं निघतील. ती एक-दोन दिवसांत आईबापांमागे चालत खळगा सोडतात. आईनं इशारा दिला की ढेकळाला चिकटून निपचित पडतात आणि दिसतच नाहीत, म्हणून राहिलेला तुकडा लगेच उरकायला जाऊ नका.

पहिल्याचं उत्तर हो. तुम्ही बरोबर ओळखलंत. पोट भिजवून अंडी गार ठेवणं टिटव्यांमध्ये नोंदलं गेलंय, नदीसुरय आणि पाणचिरा हे पाण्याकाठचे पक्षीही करतात. माळरानावरच्या पखुर्डी पक्ष्याचा नर तर पोटाच्या पिसांत पाणी भरून पिल्लांना प्यायला नेतो. तुमच्याकडच्या माळांवर ती असते, नजर ठेवा.

लेन्स ठीक आहे. तापलेल्या नांगरटीवरची हवा लहरते, तिच्यातून ६० मीटर बघितलं की कुठलीही लेन्स असंच दाखवेल. शटर वाढवून फरक पडत नाही. मधली हवा कमी करायची आणि जमिनीपासून वर उठायचं, एवढेच उपाय. पण जवळ जायचं ते घरट्यापाशी नाही, डबक्यापाशी. ट्रॉली असेल तर टाकीपासून २०-२५ मीटरवर उभी करून ठेवा, दोन दिवस तिच्यात कुणी बसू नका. मग बारदानाआड बसा, अकराच्या आधीच. ती पाण्याला यायची थांबली तर लगेच उठून या. त्या वेळी तिची एक फेरी चुकणं तुमच्या फोटोपेक्षा महाग आहे.

धागाकर्ती

फार आधार वाटला. आबांनी आज संध्याकाळी स्वतः खुंट्या ठोकल्या, रोटरवाल्याशीही बोलले. ट्रॉली लावलीय, पहिला प्रयत्न परवा. आज दुपारी पुन्हा नीट बघितलं तर घरट्यावरची टिटवी बसलेलीच नव्हती. पंख जरा उघडून अंड्यांवर सावली धरून उभी होती, चोच उघडी, गळा थरथरत होता.

एकच विचारायचं राहिलं. आबा टाकीची तोटी दुरुस्त करणार होते, ती मी थांबवलीय. डबकं जूनपर्यंत असंच राहू दिलं तर चालेल ना? की त्या पाण्याला कुत्री येतील?