पत्र्याखालची मॅच: पाहुण्यांच्या बाजूने कधी गेलायत?

कोरडी_छत्री

काल दुपारी वळीव आला. सोसायटीच्या पार्किंगच्या पत्र्यावर असा काही वाजला की निवडायला घेतलेली मेथी तशीच टाकून गॅलरीत आले, आणि २००८ मधला एक शनिवार जसाच्या तसा आठवला.

तेव्हा आम्ही लँकेशायरमध्ये होतो. गिरण्यांचं गाव, गिरण्या कधीच्या बंद. माझ्या हॉस्पिटलच्या वॉर्डातला पोर्टर, साठीचा, आपल्या गावच्या फुटबॉल क्लबामागे चाळीस वर्षं फिरत होता. प्रीमियर लीग वगैरे नाही हो. तिकडे वरच्या चार पायऱ्यांवर मिळून ९२ क्लब, त्याखालचं सगळं नॉन-लीग. हे त्यातलंही पार तळाचं. म्हणाला, अवे मॅच आहे (म्हणजे दुसऱ्यांच्या मैदानावर), मिनीबसमध्ये एक जागा आहे, येतेस? नवरा ड्यूटीवर, घरात एकटी. गेले.

मैदानाचं नाव सांगत नाही, बिचारे अजून खेळतात. आत जायचं फिरतं लोखंडी दार इतकं अरुंद की जाड कोटासकट मी अडकले. आतला म्हातारा म्हणाला, "श्वास आत ओढा." एकच स्टँड, पत्र्याचा, त्याला मधोमध भोक आणि भोकाखाली बादली. बादली गंजलेली, म्हणजे भोकाचंही वय झालेलं. बायकांच्या टॉयलेटची किल्ली चहाच्या टपरीवर मागायची. पुरुषांच्याला छप्परच नव्हतं म्हणे. मैदानाला एवढा उतार की पलीकडच्या कोपऱ्यातला झेंडा अर्धाच दिसायचा.

हाफटाइम झाला आणि गोलामागचे सगळे चालायला लागले. मला वाटलं, संपलं. मीही पर्स उचलून बाहेर, बसपाशी. वीस मिनिटं पावसात उभी. मग पोर्टर शोधत आला. तर झालं होतं असं, की तिथे दोन्हीकडच्या लोकांना वेगळं बसवत नाहीत. हाफटाइमला लोक टोक बदलतात, म्हणजे आपला संघ आता ज्या गोलवर चढणार त्याच्यामागे जाऊन उभे राहतात. आमचा एकुलता एक गोल त्या वीस मिनिटांत झाला.

शेवटी लाउडस्पीकरवर सांगितलं, आजचे प्रेक्षक १०३. त्यात मी धरलेली होते, बाहेर उभी असून.

वर त्यांच्या लकी ड्रॉमध्ये माझाच नंबर लागला. बक्षीस: खाटकाकडची पिशवी, सॉसेज आणि बेकन. मी शाकाहारी.

लिहा तुमचंही.

चहाबाज

हहपुवा. "श्वास आत ओढा"!!

नाक_लाल

माझं यॉर्कशायर, जानेवारी, बोटं आहेत की गेली ते कळत नव्हतं. सगळे कपातून काळं काळं वाफाळतं पीत होते. म्हटलं काढा दिसतोय. दोन कप मारले. खारट होता पण बरं वाटलं. तिसरा आणायला निघालो तर मित्र म्हणाला, बोव्हरिल आहे ते, बीफचा अर्क. आमच्याकडे चातुर्मासात कांदासुद्धा बंद असतो. आईला आजतागायत सांगितलेलं नाही. इथे माझी कुठली आत्या वगैरे वाचत नाहीये ना?

शंकासूर

@नाक_लाल साल कोणतं?

नाक_लाल

२००५. का हो?

शंकासूर

मग सुटलात. २००४ मध्ये कंपनीने बीफ काढून यीस्टचा अर्क घातला होता, २००६ मध्ये परत बीफ आणलं. तुमचे दोन्ही कप मधल्या काळातले. (टपरीवर जुनी बरणी पडलेली नसेल तर.)

नाक_लाल

तो कंस काढा.

रंकाळ्याकाठचा

एकशे तीन माणसं?? आमच्याकडं एवढी तर भिंतीवर चढून बघत असत्यात. आणि अवे कसलं घेऊन बसलाय, कोल्हापुरात पेठ वलांडली की अवे. पाटाकडील काय, प्रॅक्टिस काय, दिलबहार काय, सगळ्या संघांचं मैदान एकच, शाहू स्टेडियम. मग पाहुणं कोण आणि घरचं कोण ते तुम्हीच ठरवा. मी लहानपणी मामाकडं मंगळवार पेठेत राहायचो आणि जीव शिवाजी पेठेवर. गोल झाला की तोंडात रुमाल कोंबायचो. मामानं एकदा बघितलं, दोन दिस जेवताना बोलला न्हाई.

कोरडी_छत्री

@रंकाळ्याकाठचा अहो, मामाच्या घरात अवे सपोर्टर! हा तर वेगळा धागा होईल.

म्हापशेकर

वाचतोय. आमच्या डुलर स्टेडियमवर पण पावसात बसलोय पुष्कळ, पण ते घरचंच. कुकर लावलाय, नंतर लिहितो.

बरीच_लांब

आम्ही इंग्लंडात बरी नावाच्या गावाजवळ राहतो. नवऱ्याचा क्लब बरी (होय, आयडी त्यावरूनच). १८८५ चा क्लब, दोनदा एफए कप (लहानमोठ्या सगळ्या क्लबांचा चषक) जिंकलेला, १९०३ ची फायनल तर ६-० ने. आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या घोळापायी थेट लीगमधून बाहेर. नवरा आठवडाभर घरात सुतकात असल्यासारखा वावरत होता. मी आधी हसले, मग नाही हसले.

२०२३ मध्ये परत उभे राहिले, पण पार खालच्या पायरीवर. मग काय, गावोगावच्या मैदानांवर वाऱ्या. एका ठिकाणी आमचेच लोक यजमानांच्या चौपट. टपरीवरच्या दोन आज्या नुसत्या आमच्याकडे बघतच राहिल्या. पाय अर्ध्या तासात संपले (खायचे पाय हो, आत सारण भरलेले). मग एकीने घरून पाव आणि चीज आणलं आणि माझ्या हातात सुरी दिली, "तू मोकळीच दिसतेस." पूर्ण सेकंड हाफ मी यजमानांच्या टपरीत सँडविचेस लावत होते. कोण जिंकलं ते गाडीत कळलं.

चहाबाज

"तू मोकळीच दिसतेस", हे वाक्य जगातल्या सगळ्या लग्नघरांत सारखंच असतं.

गोलमागचा

एक कोणी लिहिलं नाही. एवढ्या थोड्या लोकांत शिवी देता येत नाही. मोठ्या स्टेडियमवर चाळीस हजारांत तुम्ही काहीही ओरडा. इथे गोलकीपर वळून बघतो. मी एकदा नवखेपणी ओरडलो, "अरे, हात आहेत की काय?" तो शांतपणे म्हणाला, "आज सकाळी सहापासून विटा लावतोय मित्रा." खरंच गवंडी होता. मॅच संपल्यावर मीच त्याला बिअर पाजली. पुढे आमच्या घराची मागची भिंत त्यानेच बांधून दिली. स्वस्तात नाही दिली पण.

सोलापुरी_चटणी

मैदानात बिअर चालते? आमच्या ऑफिसवाल्यांनी लंडनला मोठी मॅच दाखवली तेव्हा ग्लास घेऊन सीटवर जाऊ दिलं नव्हतं.

गोलमागचा

वरच्या पाच पायऱ्यांना १९८५ चा कायदा लागतो, मैदान दिसेल अशा जागी प्यायची नाही. त्याखाली तो नाही. प्लास्टिकचा ग्लास घ्या, कठड्याला टेका. निम्मे लोक त्यासाठीच येतात, खोटं कशाला बोला.

खाडीकिनारी

विषय थोडा सोडून. आम्ही क्रॉस्बीला, लिव्हरपूलच्या उत्तरेला. इथला मरीन क्लब, तेव्हा आठव्या पायरीवरचा. १० जानेवारी २०२१ ला एफए कपात प्रीमियर लीगवाले टॉटनहॅम आले होते. कोविड, त्यामुळे प्रेक्षकांना बंदी. पण मैदानाला लागूनच घरांच्या परसबागा आहेत, ते लोक आपापल्या परसात खुर्च्या टाकून बसले. ०-५ हरले. आणि क्लबाने खोटी खोटी तिकिटं काढली, म्हणजे घरी बसून घ्यायची. तीस हजारांवर खपली! माझ्याकडे पण आहे. मैदानात तीन-चार हजार माणूस मावायची मारामार.

हे अवे मध्ये बसत नाही, माहितीये. बेल वाजली, पार्सल.

शंकासूर

जुन्याचीच आवड असेल तर शेफिल्डचं सँडीगेट बघा. हॅलम क्लबाचं. १८६० पासून तिथे फुटबॉल चालू आहे, जगातलं सर्वात जुनं मैदान म्हणतात. त्यालाही चांगलाच उतार. त्यामुळे @कोरडी_छत्री, उताराला पडकेपणात धरू नका.

कोरडी_छत्री

बरं बाबा, उतार मागे घेते. भोक आणि बादली राहू दे.

रंकाळ्याकाठचा

@गोलमागचा ती भिंत अजून उभी हाय का?

गोलमागचा

आहे. थोडी आमच्याकडे कललीय. त्या दिवशी एक बॉल पण त्याने तसाच आत सोडला होता.

म्हापशेकर

आलो. कुकर झाला, पण हिने भात गचका झाल्याचं माझ्यावर ढकललंय, कारण मी हे वाचत बसलो. लिहिणार होतो काहीतरी, विसरलो. @बरीच_लांब ते चीज सँडविच, आत कांदा कच्चा घालतात की परतून?

बरीच_लांब

कच्चा. पण किसून, आणि पाणी पिळून काढायचं. आजीबाईंनी मला दोनदा परत करायला लावलं.

नाक_लाल

@कोरडी_छत्री, सॉसेजच्या पिशवीचं शेवटी काय केलंत ते सांगितलंच नाहीत.

कोरडी_छत्री

मिनीबसमध्ये लिलाव झाला. पोर्टरनेच घेतली, पाच पौंडांना. ते पाच पौंड मी पुढच्या अवे मॅचच्या बसभाड्यात दिले. त्या वेळी मात्र हाफटाइमला त्याने माझी पर्सच धरून ठेवली.