सॅफ २०२३: फायनलपर्यंतची वाट तुम्ही कशी पाहिलीत?

४ जुलै २०२३ ला बंगळुरूच्या कंठीरवा स्टेडियमवर भारताने कुवेतला पेनल्टीच्या टायब्रेकरवर ५-४ हरवलं आणि सॅफ करंडक, म्हणजे दक्षिण आशियाई फुटबॉल स्पर्धा, नवव्यांदा जिंकली. आपला गोलकीपर गुरप्रीतने अडवलेला शेवटचा फटका सगळ्यांना पाठ आहे. मला त्याआधीचे दोन आठवडे जास्त प्रिय आहेत. दोन्ही संघ एकाच गटात होते. दोघांचे सात गुण, गोलफरकही सारखाच. कुवेतचे गोल आठ, आपले सात, तेवढ्यावर ते गटात पहिले. तुम्ही हे सामने कुठे, कुणाबरोबर पाहिलेत? सविस्तर लिहा.

बंगळुरूहून
पाकिस्तानविरुद्धचा पहिला सामना मी भर पावसात स्टेडियममध्ये पाहिला. व्हिसाच्या घोळामुळे त्यांचा संघ सामन्याच्या दिवशीच शहरात पोचला होता. त्या थकलेल्या पोरांबद्दल मला वाईट वाटलं, हे मनापासून सांगते. ४-० झालं, आपला कर्णधार छेत्रीची हॅट्‌ट्रिक.

कुवेतविरुद्धचा गटातला सामना मात्र अंगावर आला. थापाच्या कॉर्नरवर छेत्रीने चेंडू हवेतच मारला, पहिल्या हाफच्या अगदी शेवटी. मग भरपाई वेळेत अन्वर अलीच्या पायाला लागून चेंडू आपल्याच जाळ्यात, १-१. माझ्या शेजारचे काका डोक्याला हात लावून खालीच बसले. त्याच अन्वरने चार दिवसांनी सेमीफायनलला लेबनॉनविरुद्ध पेनल्टी मारून दाखवली. त्या सामन्यात १२० मिनिटांत एकही गोल नव्हता, टायब्रेकरवर ४-२ ने आपण सुटलो. मला विचाराल तर या स्पर्धेतली सगळ्यात धाडसी पेनल्टी तीच.

कुवेतहून
इथे राहून कुवेतची बाजू जवळून कळली. २०१५ ते २०१७ फिफाच्या बंदीत यांचं फुटबॉल पार मागे पडलं होतं. त्यामुळे नेपाळवर ३-१ आणि पाकिस्तानवर ४-० असे विजय मिळाल्यावर कचेरीतल्या कुवेती मित्रांचे चेहरे उजळले होते.

कुवेत-बांगलादेश सेमीफायनल आम्ही ईदच्या सुट्टीत एका बांगलादेशी सहकाऱ्याच्या खोलीवर पाहिली. बांगलादेश १४ वर्षांनी सेमीफायनलला आला होता. सुरुवातीलाच मोरसालिनची सोपी संधी गेली, पुढे राकिबचा फटका बारवर आदळला. त्यांचा गोलकीपर झिको एकापाठोपाठ एक चेंडू अडवत होता. जादा वेळेच्या पहिल्या सत्राच्या शेवटी कुवेतच्या अल ब्लूशीने गोल केला. माझा मित्र उठून चहा करायला गेला, बराच वेळ बाहेर आला नाही. कुवेत फायनलला पोचलं, पण त्या दिवशी मी मनाने बांगलादेशचा होतो.

मडगावहून
आपला सहप्रशिक्षक महेश गवळीबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? मुख्य प्रशिक्षक स्टिमाचना दोनदा लाल कार्ड मिळालं, म्हणून नेपाळविरुद्ध, सेमीफायनलला आणि फायनललाही मैदानाकडेला आमचा गवळी उभा होता. गोव्याच्या धेंपो क्लबच्या बचावफळीत त्याला खेळताना आम्ही पाहिलंय. घरात सगळे टीव्हीवर त्यालाच शोधत होतो.

कोल्हापूरहून
फायनल तालमीत बघितली, पाय ठेवायला जागा नव्हती. चौदाव्या मिनिटाला कुवेतच्या अल खाल्दीचा गोल झाला तशी सगळी गप्प. मग आशिककडून छेत्री, छेत्रीकडून सहल, सहलकडून छांगते! असा गोल बघितला की पोरांना पासिंग शिकवायला वेगळं काही सांगावं लागत नाही. टायब्रेकरला पाच-पाच फटक्यांनंतर ४-४. नाओरेम महेशनं मारला आणि गुरप्रीतनं उजाडेपर्यंत झोपू दिलं नाही.

पुण्याहून
वसतिगृहात मणिपूरची मुलं होती. घरून रोज वाईट बातम्या यायच्या. आपल्या संघातले नाओरेम महेश, उदांता, जिक्सन तिघंही मणिपूरचे. महेशची पेनल्टी जाळ्यात गेल्यावर ती मुलं एकमेकांच्या गळ्यात पडून रडली. आम्हीही.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. नेपाळच्या सामन्यावर अजून कुणी सविस्तर लिहिलेलं नाही. तासभर गोल नव्हता, मग छेत्री आणि नाओरेम महेशने दहा मिनिटांत निकाल लावला. तो मैदानात बसून पाहिलेलं इथे कुणी आहे का?