फंक्शन खरंच वापरता येईल का, हे आधी कसं तपासायचं?

रिकामीओळ
वेब ॲपमध्ये 'लिंक कॉपी करा' असं बटण आहे. त्यावर क्लिक केलं की नॅव्हिगेटर.क्लिपबोर्ड.राइटटेक्स्ट (मजकूर कॉपी करणारं ब्राउझरचं फंक्शन) चालतं. लॅपटॉपवर लोकलहोस्टला, म्हणजे त्याच मशीनच्या स्वतःच्या पत्त्यावर, सगळं ठीक. तेच पान फोनवर १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या पत्त्यावरून उघडलं की क्लिपबोर्डच अनडिफाइन्ड, म्हणजे अस्तित्वातच नाही! दोन्हीकडे क्रोम, आवृत्तीही एकच. ब्राउझरचं नाव आणि आवृत्ती बघून ठरवायचं का?

कंसबंद
नावावरून अजिबात ठरवू नका. यूझर एजंटमध्ये, म्हणजे ब्राउझर स्वतःची ओळख सांगतो त्या ओळीत, एजसुद्धा क्रोमचं नाव सांगतो. आणि तुमच्याकडे तर एकाच आवृत्तीची दोन उत्तरं आली आहेत, मग आवृत्ती बघून काय कळणार?

क्लिपबोर्ड फक्त सुरक्षित संदर्भात मिळतो, म्हणजे एचटीटीपीएसवर. लोकलहोस्टला ब्राउझर विश्वासू मानतो, साध्या एचटीटीपीवरच्या आयपी पत्त्याला नाही. विंडो.इजसिक्युअरकॉन्टेक्स्ट फोनवर छापून बघा, फॉल्स येईल.

तपासायचं ते थेट त्या वस्तूलाच: आधी नॅव्हिगेटर.क्लिपबोर्ड आहे का, मग टाइपऑफ (वस्तूचा प्रकार सांगणारा शब्द) लावून राइटटेक्स्ट 'फंक्शन' आहे का. तपासताना पुढे कंस लावू नका, नाहीतर ते तिथेच चालेल.

पण हे झालं निम्मं काम. फंक्शन असणं वेगळं आणि ब्राउझरने ते चालू देणं वेगळं. राइटटेक्स्ट प्रॉमिस देतं, म्हणजे 'निकाल नंतर कळवतो' असं वचन, आणि ते नाकारलंही जाऊ शकतं, म्हणून नकार पकडणारा कॅच हवाच. जुन्या सफारीच्या प्रायव्हेट विंडोत लोकलस्टोरेज (ब्राउझरमध्ये माहिती साठवायची जागा) दिसायचं, टाइपऑफही बरोबर यायचं, पण सेटआयटमने काही साठवायला गेलं की कोटा संपल्याची एरर. तिथे एक छोटी किंमत लिहून, पुसून बघणं हीच खरी तपासणी होती.

रिकामीओळ
एचटीटीपीएस लावल्यावर ॲन्ड्रॉइडवर चाललं, आभार! आयफोनवर मात्र नॉटअलाउडएरर, म्हणजे 'परवानगी नाही' अशी एरर येते. आम्ही क्लिकनंतर आधी सर्व्हरकडून लिंक आणतो, मग कॉपी करतो.

कंसबंद
गोम त्या 'आधी'मध्येच आहे. सफारीला कॉपी थेट वापरकर्त्याच्या क्लिकमधून झालेली हवी असते. मध्ये अवेट करून सर्व्हरची वाट पाहिलीत की तो धागा तुटतो. शक्य असेल तर लिंक आधीच आणून ठेवा. नाहीतर क्लिकमध्ये लगेच क्लिपबोर्ड.राइट करा आणि क्लिपबोर्डआयटममध्ये लिंकचं प्रॉमिस द्या.

आणि एक कळकळीची विनंती. प्रॉमिस पूर्ण होण्याआधी 'कॉपी झालं' असं दाखवू नका. माणूस त्या दोन शब्दांवर विसंबून दुसऱ्या खिडकीत जातो आणि भलताच जुना मजकूर कुणाला तरी पाठवून बसतो. कॉपी जमली नाही तर लिंक एका चौकटीत निवडलेल्या अवस्थेत दाखवा, तो हाताने घेईल.

अर्धविराम
सर्व्हरवर चालणाऱ्या पीएचपी भाषेतही हेच. सर्व्हरवर डिसेबल_फंक्शन्समध्ये (बंद केलेल्या फंक्शनांच्या यादीत) एक्झेक हे फंक्शन टाकलेलं असेल तर फंक्शन आहे का ते तपासणारं फंक्शन_एक्झिस्ट्स प्रामाणिकपणे फॉल्स देतं. पीएचपी ८ मध्ये न तपासता बोलावलंत तर थेट 'अनडिफाइन्ड फंक्शन'. पण पत्र पाठवणाऱ्या मेल फंक्शनचं काय? ते असतंच, तपासणीत ट्रू येतं, आणि मागे मेल पाठवणारी यंत्रणा बसवलेली नसेल तर पत्र जात नाही. तिथे मेलने परत दिलेली किंमत बघा; तीही ट्रू आली तर पत्र पुढे पाठवायला घेतलं एवढंच कळतं, पोचलं असं नाही.