शब्दचर्चा: ‘स्टॅट्स रोल करणे’ मराठीत कसं म्हणायचं?

प्रश्न

आमच्याकडे डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रं घेऊन फाशांवर खेळायचा गोष्टीचा खेळ मराठीतूनच चालतो. वर्णनं मराठीत, राक्षसांच्या धमक्याही मराठीत. पण नवं पात्र करून त्याच्या क्षमतांचे आकडे ठरवायची वेळ आली की ‘स्टॅट्स रोल कर’, ‘पॉइंट बाय घे’, ‘स्टँडर्ड अ‍ॅरे वापर’ असं सुरू होतं. आता भाचेमंडळींसाठी मराठी पात्रपत्रक तयार करतोय आणि त्यावर छापायला शब्द हवेत. बळ, चपळाई वगैरेंच्या वर मथळा ‘गुण’ असा दिला होता. पत्रक बघून धाकट्याचा पहिला प्रश्न: “किती पैकी?”

प्रतिसाद

धाकट्याचं बरोबर आहे! ‘गुण’ इथे दोन्हीकडून अडवतो. बळ हाही गुण आणि बळापुढचे १४ हेही गुण. ‘गुणांक’ म्हणावं तर तो गणितवाल्यांनी आधीच घेतलाय. ‘बुद्ध्यंक’ रुळला आहे, त्याच चालीवर ‘क्षमतांक’ चालेल. पत्रकावर ‘क्षमता’ आणि ‘अंक’ असे दोन रकाने केले तर तेवढा जोडशब्दही नको.

‘रोल करणे’साठी मात्र नवा शब्द कशाला? सारीपाटापासून आपल्याकडे ‘दान’ आहे. फासे टाकायचे, दान पडतं. “बळाचं दान टाक” हे वाक्य कोणालाही कळेल.

प्रतिसाद

दान म्हणजे मुलांना दानधर्म वाटेल हो.

प्रतिसाद

नाही वाटणार. धर्माचं दान करतात किंवा देतात. फाशांचं दान पडतं. क्रियापद बदललं की घोळ संपतो.

पण मूळ प्रश्नात तीन वेगळ्या रीती आहेत आणि त्यांना एकच क्रियापद लावता येणार नाही, म्हणून जरा मागे जातो. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा मूळ खेळ आला, त्यात तीन सहाबाजू फासे टाकून बेरीज घ्यायची होती. सहा क्षमता, सहा दानं, पडतील त्याच क्रमाने. त्या पुस्तिकेप्रमाणे फासेही खेळाडूने नव्हे, खेळ चालवणाऱ्याने टाकायचे. म्हणजे पदरी पडलं आणि पवित्र झालं! त्या काळी हे खपून जायचं, कारण आकड्यांवर फार काही अवलंबून नव्हतं. बळ भरपूर असलं तरी तलवारीचा घाव जास्त लागत नसे. योद्ध्याला अनुभव थोडा वेगाने मिळे, एवढंच.

१९७८ची अ‍ॅडव्हान्स्ड आवृत्ती आली आणि आकडे महाग झाले. पॅलाडिन म्हणजे धर्मयोद्धा व्हायचं तर करिष्मा किमान १७ हवा. तीन फाशांवर १७ किंवा १८ पडायची शक्यता २१६त ४. वर बाकीच्या क्षमतांच्या अटी वेगळ्याच. मग खेळ चालवणाऱ्यासाठीच्या १९७९च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये चार पर्यायी रीती दिल्या. पहिली आज सगळ्यांना पाठ असते: चार फासे टाका, सर्वांत लहान गाळा, उरलेल्या तिघांची बेरीज करा आणि सहाही बेरजा हव्या तिथे लावा. दुसरीत बारा दानं टाकून वरची सहा ठेवायची, तिसरीत प्रत्येक क्षमतेसाठी सहा दानं टाकून मोठं घ्यायचं, चौथीत बारा पात्रांचे आकडे काढून एक पात्र निवडायचं. चौथी मला भारी आवडते, वेळखाऊ आहे तरी.

लहान फासा गाळल्याने सरासरी साडेदहावरून सव्वाबाराच्या आसपास जाते. १८ पडण्याची शक्यता २१६त एकदा होती, ती साधारण ६२त एकदा होते. म्हणून माझं म्हणणं असं की ‘दान टाकणे’ हे दोन्हीला चालेल, पण भेद दाखवायचा तर १९७४च्या रीतीला ‘पडेल ते दान’ आणि चार फाशांच्या रीतीला ‘गाळीव दान’ म्हणावं. हातात येणारं पात्र वेगळं असतं. पडेल त्या दानात कोण भेटणार हे फासे सांगतात. गाळीव दानात तुम्ही चेटकीण ठरवून आलेला असता आणि फासे फक्त ती किती हुशार ते सांगतात.

प्रतिसाद

‘गाळीव’ झकास. पॉइंट बायला काय? ‘गुणवाटप’ कसं वाटतं?

प्रतिसाद

वाटप नको. वाटपात एक दिला की एक वाढतो. १९७७चा मेली हा स्टीव्ह जॅक्सनचा छोटा लढाईचा खेळ तसा होता: बळ ८, चपळाई ८, वर ८ पॉइंट दोघांत वाटायचे. ते खरं वाटप.

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४च्या आवृत्तीत २७ पॉइंट मिळतात, प्रत्येक क्षमता ८ पासून सुरू होते आणि १३ पर्यंत पायरीला एक पॉइंट पडतो. पण १३चे १४ करायला दोन, १४चे १५ करायला आणखी दोन. त्यापुढे दुकानच बंद. किंमत चढते म्हणजे ही खरेदीच, आणि २७ ही तुमची पुंजी. ‘पुंजीतून घेणे’ म्हणा, मुलांना हिशेब लगेच कळेल.

स्टँडर्ड अ‍ॅरे म्हणजे १५, १४, १३, १२, १०, ८. हे सहा आकडे खरेदी करून बघा: ९, ७, ५, ४, २ आणि ०, बरोबर २७. म्हणजे ती रीत वेगळी नाहीच, आधी करून ठेवलेली खरेदी आहे. तिला ‘ठरीव सहा’ म्हणता येईल.

प्रतिसाद

तुम्ही सगळे एकाच खेळात अडकलात. मार्क मिलरचा ट्रॅव्हलर (१९७७) हा अंतराळातला खेळ घ्या. सहा गुणविशेष, प्रत्येकी दोनच फासे. खरी गंमत पुढे आहे: पात्र नौदलात किंवा व्यापारी जहाजावर नोकरी करतं, चार-चार वर्षांच्या मुदती संपवतं आणि दर मुदतीला जगण्याचं दान टाकावं लागतं. मूळ नियमांत ते चुकलं की पात्र मेलं. उभं राहायच्या आधीच आडवं! इथे ‘दान टाकणे’ अपुरं आहे, ‘पात्र घडवणे’ म्हणा. ते खरोखर घडतं.

प्रतिसाद

सगळे आकड्यांत रमलेत म्हणून क्षमतांच्या नावांबद्दल. कॉन्स्टिट्यूशनला ‘काटकपणा’, यावर दुमत नसावं. ‘प्रकृती’ लिहिलंत तर धाकटा विचारेल, “याला काय झालंय?”

करिष्म्याला ‘रूप’ किंवा ‘सौंदर्य’ अजिबात नको. १९८५च्या अनअर्थ्ड आर्केना या नियमपुस्तकात देखणेपणासाठी सातवी क्षमता वेगळी काढली होती, म्हणजे करिष्मा म्हणजे रूप नव्हे हे कर्त्यांनाही सांगावंसं वाटलं. ‘छाप’ घ्या. छाप पडते, पाडता येते आणि कुरूप माणसाचीही पडते.

विजडमला ‘शहाणपण’ लिहितात, ते मला पटत नाही. नियमांत तिच्यावर काय काय चालतं ते बघा: दबा धरून बसलेला शत्रू लक्षात येणं, समोरचा खोटं बोलतोय हे ताडणं, जनावराला चुचकारणं. ही ‘जाण’ आहे.

प्रतिसाद

पुरोहिताची मंत्रशक्तीही तिच्यावरच चालते. ‘जाण’वर देव प्रसन्न होतो का? शहाणपणच ठेवा.

प्रतिसाद

होतो. उलट अतिशहाण्यांवर होत नाही.

प्रश्नकर्ता

भांडू नका, ‘जाण’ छापतो. दोनच अक्षरं आहेत आणि रकाना अरुंद आहे. बाकी बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, छाप. पत्रकाच्या मागे तीन रीती: गाळीव दान, पुंजी, ठरीव सहा. ‘पडेल ते दान’ मुद्दाम वगळतोय, थोरल्याला बळ ५ पडलं तर तो उठून जाईल.

एक राहिलं. अंकाशेजारचा छोटा चौकोन, मॉडिफायर, म्हणजे दानात मिळवायचा किंवा वजा करायचा आकडा. १० किंवा ११ला शून्य, १५ला अधिक दोन, ८ला उणे एक. याला काय?

प्रतिसाद

आत्ताच लिहिलंत की. ‘अधिक-उणे’.